जड उचलायचं नाही

विनया खाली बसली ती शाल शोधायला, आणि मग तिला उठताच येईना. ऑक्टोबर संपत आला होता, सकाळचे दहा वाजले होते, कपाटाचा सगळ्यांत खालचा खण अर्धा उघडा होता आणि ती लादीवर मांडी घालून बसली होती. पडली नव्हती. चक्कर आली नव्हती. काही दुखतही नव्हतं, आणि खरी पंचाईत तीच होती, कारण दुखत असतं तर निदान कुठे दुखतंय ते कळलं असतं. तिने एक गुडघा उभा केला, हात लादीवर टेकला, शरीराला नेहमीप्रमाणे ‘चल’ म्हटलं, आणि शरीर जागचं हललं नाही. दुसऱ्यांदा तिने कपाटाचं दार धरलं. ते आज्ञाधारकपणे उघडत गेलं आणि तिलाही सोबत थोडं बाजूला घेऊन गेलं. तिसऱ्यांदा ती बसल्या बसल्या सरकत पलंगापर्यंत गेली, कडेवर कोपरं टेकवून रेटा दिला, तर दंड असे थरथरायला लागले की ती स्वतःच जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग पलंगाला पाठ टेकून बसली. हसू आलं. आयुष्यभर खाली बसून भाज्या निवडल्या, पापड लाटले, लोकांच्या साड्यांना फॉल लावले, आणि आज ही लादी सोडायला तयार नाही. हसून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की ते ऐकायला घरात कोणी नाही, आणि तिला भीती वाटली.

खालून घर वेगळंच दिसत होतं. पलंगाखाली निळे प्लास्टिकचे दोन कॅन होते, टँकरच्या दिवसांतले, वीस-वीस लिटरचे. नळाला पाणी यायला लागून किती वर्षं झाली, तरी नवऱ्याने, चंद्रहासने, ते टाकू दिले नव्हते. पाण्याचा काय भरवसा, म्हणायचा. त्याला जाऊन चौदा महिने झाले होते. कॅनवर धूळ होती आणि ती पुसायची म्हटलं तर आत्ता हात पोचत होता, म्हणून तिने पदराने पुसली. अकराच्या सुमारास बाहेरच्या खोलीत फोन वाजला. तिने घंटा मोजल्या, बारा झाल्या. करणाऱ्याला वाटलं असेल बाहेर गेल्या असतील. मग बराच वेळ काहीच झालं नाही. खालच्या रस्त्यावरून भांडीवाला गेला, कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या, उन्हाचा चौकोन लादीवरून सरकत तिच्या पावलांपर्यंत आला आणि पावलांवर चढला. तिला लघवीला लागलं होतं. मरणाचा विचार आला, पण तो फारसा टिकला नाही, कारण माणूस असा मरत नाही हे तिलाही कळत होतं. असं माणूस फक्त बसून राहतं. अठ्ठावन्न म्हणजे काही वय नव्हे. ऑगस्टात त्या साली सगळीकडे होता तो चिकनगुनिया तिलाही झाला होता, तीन आठवडे अंथरुणात गेले होते. तिने सगळं खापर त्या तापावर फोडलं आणि क्षणभर बरं वाटलं.

साडेबारा वाजता दाराची घंटी वाजली. मंगळवार होता, म्हणजे डेल्फिन. नंदाखालहून ती आठवड्यातून दोनदा केळी आणि वाडीतली भाजी घेऊन यायची, गोखिवऱ्याच्या या इमारतींचे तीन-तीन मजले डोक्यावर टोपली घेऊन चढायची, वय सहासष्ट. विनयाने आतून हाक मारली. दोनदा मारावी लागली. मग बाहेर धावपळ झाली, समोरच्या फ्लॅटमधल्या जितेंद्रकडे जादा किल्ली असायची, तो जेवायला घरी आला होता म्हणून बरं. दार उघडलं. जितेंद्र बेडरूमच्या दारातच थबकला, कारण तिची साडी गुडघ्यापर्यंत वर सरकली होती. डेल्फिन मात्र सरळ आत आली, काय झालं, कुठे लागलं, काही विचारलं नाही, मागे बसली आणि तिच्या दोन्ही काखांत हात घातले. विनया म्हणाली, अहो नको, तुमची पाठ जाईल, माझं ऑपरेशन झालेलं आहे, पिशवी काढलेली आहे माझी. डेल्फिन म्हणाली, “माजी पन काढलीय, बाय. तीन महिने बसले. मग कोन बसून देतो?” आणि तिला उभं केलं. उभं केल्यावरही हात लगेच काढले नाहीत. डेल्फिनच्या अंगाला केळीच्या पानांचा आणि घामाचा वास होता, तिची छाती विनयाच्या पाठीला टेकलेली होती आणि तिचा श्वास विनयाच्या मानेवर येत होता. चौदा महिन्यांत तिला कोणी असं धरलं नव्हतं. तिने हात काढू नयेत असं विनयाला वाटलं, आणि असं वाटल्याची इतकी लाज वाटली की तिने घाईघाईने म्हटलं, झालं, झालं, आता ठीक आहे.

जितेंद्रने तिच्या आधी तिच्या मुलाला, परेशला, पुण्याला फोन केला. चांगल्या मनाने केला, पण केला. संध्याकाळी परेशचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज ठरवून शांत ठेवलेला होता. तो म्हणाला, आई, आता पुरे, तू इकडे ये. ती म्हणाली, बघू. तो म्हणाला, बघू नाही, फेब्रुवारीत मी गाडी घेऊन येतो, फ्लॅट भाड्याने देऊ, तुझं सामान आणू, आणि तोपर्यंत खाली बसायचं नाही. स्टुलावर चढायचं नाही. बाथरूमची कडी लावायची नाही. ती हो म्हणाली. फोन ठेवल्यावर ती खुर्चीत बसून राहिली. पुण्याला ती चंद्रहास गेल्यावर महिनाभर राहून आली होती. परेश आणि सून क्षितिजा, दोघंही प्रेमळ. सकाळी आठला दोघंही बाहेर, रात्री नऊला घरी. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बरणीवर क्षितिजाच्या सुरेख अक्षरात चिठ्ठी, म्हणजे आईंना काही विचारावं लागू नये. आठव्या मजल्यावरच्या त्या घरात ती पाहुणी होती, आणि पाहुण्याला एकटं वाटलं तर त्याने ते सांगायचं कुणाला? इथे निदान एकटेपणा तिच्या स्वतःच्या घरातला होता. त्यातली प्रत्येक खुंटी तिच्या ओळखीची होती. तिला जायचं नव्हतं. एवढं एकच तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ज्याला लादीवरून उठता येत नाही त्याच्या ठाऊक असण्याला कोण विचारतो, हेही ठाऊक होतं.

जड उचलायचं नाही, हे तिचं चौदा वर्षांचं ब्रीद होतं. ब्याण्णव साली ऑपरेशन झालं तेव्हापासून या घरात जे काही जड होतं ते चंद्रहासने उचललं. टँकर आला की दोन्ही हातांत दोन कॅन घेऊन तो जिन्याने वर यायचा, ऑफिसच्या पॅन्टचे पाय दुमडलेले, दर मजल्यावर थांबत. गॅसची टाकी त्याने सरकवायची, गाद्या त्याने उन्हात टाकायच्या, बाजारातून बटाटे आणायचे तर पिशवी त्याने धरायची. तिने भरलेल्या बादलीच्या कडीला नुसता हात घातला तरी तो बाहेरच्या खोलीतून ओरडायचा, कसं कळायचं कुणास ठाऊक. नातेवाईकांत त्याचं कौतुक होतं. तिच्या जावा म्हणायच्या, तुमचं बाई नशीब. आणि ती बसायची. सुरुवातीला अवघडून, मग सवयीने, मग हक्काने. दाराशी आलेली डेल्फिन सौदा आटपून निघताना प्रत्येक वेळी टोपलीची एक बाजू धरून म्हणायची, बाय, हात लावा जरा. भरली टोपली एकट्याने डोक्यावर जात नाही; समोर जो असेल त्याने दुसरी बाजू धरायची, ही तिच्याकडची रीत, त्यात ओळखीपाळखीचाही प्रश्न नसतो. आणि प्रत्येक वेळी विनया म्हणायची, नाही हो, माझं ऑपरेशन झालंय. मग डेल्फिन जिन्यातून कोणी येईपर्यंत उभी राहायची. चौदा वर्षं ती विचारत राहिली आणि चौदा वर्षं ही नाही म्हणत राहिली, आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढच्या शुक्रवारी डेल्फिननेच सांगितलं की तिची पुतणी रिटा फिजिओथेरपिस्ट आहे, तिचा दवाखाना गोखिवऱ्यातच आहे, आणि ती म्हाताऱ्यांना वजनं उचलायला लावते. सांगताना तिलाही ते जरा खुळचट वाटत असावं, कारण ती हसली. जन्मभर वजन उचलणाऱ्या बाईला वजन उचलायला कुठे जावं लागतं हे ऐकून हसू येणारच. पिठाची गिरणी आणि प्लास्टिकच्या बाटल्यांचा कारखाना यांच्यामधल्या एका गाळ्यात रिटाचा दवाखाना होता. भिंत कारखान्याच्या यंत्राने एकसारखी हादरत असायची आणि गिरणीचं पीठ सगळ्यांवर बसायचं, येशूच्या तसबिरीवरसुद्धा. रिटा तिशीची, केस घट्ट बांधलेली, बोलणं भरभर. तिने विनयाला हात न लावता खुर्चीतून उठायला सांगितलं, दहा वेळा. विनया दोनदा उठली. तिसऱ्यांदा अर्ध्यावर आली आणि धप्पकन खाली बसली. रिटाने वहीत दोन लिहिलं. चालता का, असं विचारलं. रोज अर्धा तास, विनया जरा अभिमानाने म्हणाली, आणि कॅल्शियमच्या गोळ्या पण घेते. रिटा म्हणाली, “चांगलं आहे आंटी. पण हाडाला वजन लागतं. वजनच नाही दिलं तर हाड म्हणतं, मग मी कशाला मजबूत राहू? मसलचं पण तेच आहे.” मग विचारलं, आतापर्यंत कधी काही उचललं का नाही? विनयाने ऑपरेशनचं सांगितलं. रिटाने विचारलं, डॉक्टरांनी किती दिवस उचलायचं नाही सांगितलं होतं? कायमचं, विनया म्हणाली. रिटाने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, कागद असेल तर आणून दाखवा, माझ्यासाठी.

कागद तिने लगेच शोधला नाही. आधी पंधरा-वीस दिवस ती नुसतीच जात राहिली. दर सोमवारी आणि गुरुवारी जायचं, शनिवारी घरी करायचं. खुर्चीतून उठायचं, भिंतीला हात लावून ढकलायचं, एक एक किलोचे डंबेल कोपरातून वर आणायचे, घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय उचलायचा. दुसऱ्या दिवशी अंग ठणकायचं, आणि त्या ठणक्याने तिला आपल्या शरीरातल्या जागा कळू लागल्या. मांडीच्या मागे काहीतरी आहे, पाठीत खांद्यांच्या मध्ये काहीतरी आहे, हे तिला माहीतच नव्हतं. तरुणपणी या शरीराची तिला लाज वाटली होती, मग त्याची काळजी वाटली होती, पण त्याच्याकडून कधी काही करून घ्यावं असं वाटलं नव्हतं. महिन्याभराने एका सकाळी तिच्या लक्षात आलं की आपण जिन्यावर दुसऱ्या मजल्याला थांबलो नाही. दुधाचं पातेलं उतरवताना मनगट लटपटलं नाही. झोप लागू लागली होती, अशी की मध्ये तीनला उठून छताकडे बघणं बंद झालं. रक्तातली साखर किंचित उतरली होती, डॉक्टर म्हणाले, काय करताय ते चालू ठेवा. रिटाने वजन वाढवलं. आता जमिनीवरची आठ किलोंची पिशवी वाकून उचलायची होती, कमरेतून नाही, नितंब मागे नेऊन, पाठ सरळ ठेवून. त्या दिवशी विनयाचा हात पिशवीपर्यंत गेला आणि थांबला. तिला खरोखर चंद्रहासची हाक ऐकू आली. ती रिटाला म्हणाली, आधी कागद शोधते.

फाइल चंद्रहासच्या कपाटात होती. तो सरकारी कचेरीत हेडक्लार्क होता, घरातलं कुठलंही चिटोरं फाइल केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. वसईतल्या त्या नर्सिंग होमचा छापील कागद पिवळा पडला होता, शस्त्रक्रियेनंतर घ्यायची काळजी असं वर लिहिलेलं, आणि चौथ्या ओळीत होतं की तीन महिने जड वस्तू उचलू नये. ‘तीन महिने’ या दोन शब्दांखाली लाल पेन्सिलीने, पट्टी लावून, सरळ रेघ ओढलेली होती. पट्टी लावून रेघ ओढणारा माणूस एकच. म्हणजे त्याला माहीत होतं. विनया कागद हातात धरून पलंगावर बसली आणि तिला चंद्रहासचा राग आला, तो गेल्यापासून पहिल्यांदा, आणि इतका की कानशिलं तापली. तेरा वर्षं या माणसाने माझ्या हातातून बादल्या काढून घेतल्या. माझे हात काढून घेतले. मग स्वतः निघून गेला आणि मला लादीवर बसवून ठेवलं. ती मोठ्याने काहीतरी बोललीसुद्धा. बोलल्यावर घर पुन्हा गप्प झालं, आणि त्या शांततेत राग हळूहळू उतरत गेला, आणि त्याच्याखाली जे होतं ते वर आलं. ते तिला पाहायचं नव्हतं. पण आता ते समोर होतं.

तिलाही माहीत होतं. नोव्हेंबरातली ती दुपार तिला स्पष्ट आठवत होती. दोघं मिळून शेवटच्या तपासणीला गेले होते, डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघून म्हणाल्या होत्या, आता सगळं करा, पूर्वीसारखं. येताना त्यांनी रिक्षा केली. पूर्वीसारखं म्हणजे कसं, ते दोघांनाही माहीत होतं. परळच्या चाळीत खालच्या नळावरून दोन मजले पाणी तिने चढवलं, परेश पोटात असताना आठव्या महिन्यापर्यंत चढवलं, आणि इथे आल्यावर टँकरचे कॅन तिनेच चढवले. चंद्रहास त्या वेळी पेपर वाचत असायचा. वाईट नव्हता. त्याला फक्त दिसत नसे. एकवीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्याकडे असं कधी बघितल्याचं तिला आठवत नव्हतं, जसं तो ऑपरेशननंतरच्या त्या तीन महिन्यांत बघू लागला. पाणी आणून देई, पायरी उतरताना कोपर धरी, रात्री विचारी, दुखत नाही ना. चाळिशी उलटल्यावर तिला नवरा मिळाला होता, आणि मुदत तीन महिन्यांची होती. रिक्षातून उतरले तेव्हा खाली टँकर उभा होता. ती घरात गेली, साडी बदलली, आणि निळा कॅन उचलला. खरंच उचलला. चंद्रहासने तो तिच्या हातातून घेतला आणि म्हणाला, “राहू दे. तुला जड उचलायचं नाही.” तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे. एक अक्षर बोलायचं होतं तिने, आणि ती बोलली नाही. कॅन सोडून दिला. त्यानंतर तेरा वर्षं दोघांनी मिळून ते खोटं सांभाळलं, कारण त्या खोट्याशिवाय एकमेकांशी प्रेमाने कसं वागायचं हे दोघांनाही येत नव्हतं. फसवणूक म्हणावं, तर फसलेलं कोणी नव्हतं.

यानंतर ती रिटाकडे गेली नाही. एक आठवडा, दोन आठवडे. रिटाचा फोन आला तर म्हणाली, सर्दी आहे. खरं कारण सांगता येण्याजोगं नव्हतं. तिला वाटत होतं, आपण आठ किलो उचलले की ते सगळं पुसलं जाणार; तो जिन्यात थांबत थांबत कॅन घेऊन येतोय, हे मग नुसतं हास्यास्पद होणार. त्याच्या प्रेमाचा पुरावा म्हणून तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं, फक्त हे लुळे हात होते. ते तसेच ठेवून पुण्याला जावं, क्षितिजाच्या बरण्यांमध्ये बसावं, परेशने पाण्याचा तांब्या हातात आणून द्यावा. काय वाईट आहे? नाताळ आला. वसईकडच्या घरांवर चांदण्या लागल्या, तिने गॅलरीतून त्या पाहिल्या. घरात तिने कोणाशी न बोलता सलग चार दिवस काढले, आणि पाचव्या दिवशी स्वतःचा आवाज कसा आहे ते बघायला पाढे म्हटले.

नाताळानंतरच्या मंगळवारी डेल्फिन आली ती टोपलीभर वेलची केळी घेऊन, आणि फडक्यात बांधून घरच्या करंज्या. विनयाने डझनभर केळी घेतली. डेल्फिनने चुंबळ डोक्यावर ठेवली, टोपलीची एक बाजू धरली आणि सवयीने म्हणाली, “बाय, हात लावा जरा.” जिन्यात कोणी नव्हतं. जितेंद्रचं दार बंद होतं. विनयाच्या ओठांवर नेहमीचं वाक्य आलं आणि तिने डेल्फिनकडे पाहिलं, तर डेल्फिन तिच्याकडे बघतही नव्हती. ती जिन्याकडे बघत होती, कोणी येतंय का म्हणून. तिने विचारलं होतं खरं, पण उत्तराची वाट बघणं तिने केव्हाच सोडलं होतं. ते विनयाला लागलं. चौदा वर्षं एक माणूस आपल्या दारात उभं राहून हात मागतंय आणि आपण आपल्या नवऱ्याचं प्रेम जपतोय. तिने पदर खोचला, पाय फाकवले, नितंब मागे नेले, पाठ सरळ ठेवली आणि टोपलीची दुसरी बाजू धरली. टोपली उठली. वेताची कड बोटांत रुतली, वजन दंडातून खांद्यात आणि खांद्यातून पाठीत उतरलं, मांड्यांनी ते घेतलं, आणि क्षणभर दोघींच्या मध्ये, छातीच्या उंचीवर, केळ्यांची ती टोपली स्थिर उभी होती. मग डेल्फिनच्या डोक्यावर बसली. डेल्फिनने मान सरळ केली आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघून म्हणाली, “आली का ताकद? बरा झाला.” आणि उतरून गेली. विनया दारात उभी होती, हात दुखत होते, आणि चंद्रहास कुठेही पुसला गेला नव्हता. तो होता तिथेच होता, कॅन घेऊन, दुसऱ्या मजल्यावर दम खात. तिला त्याची माया आली. गुरुवारी ती रिटाकडे गेली आणि आठ किलो उचलले.

जानेवारी नुसता कामात गेला, जणू तिला कुठे नोकरी लागली होती. आठाचे दहा झाले, दहाचे बारा. लादीवरून उठणं रिटाने सगळ्यांत शेवटी शिकवलं: एका गुडघ्यावर या, दुसरं पाऊल पुढे, छाती वर, आणि टाचेने जमीन ढकला. पहिल्या दिवशी खुर्ची धरून, मग स्वतःच्या मांडीवर हात ठेवून, मग काहीच न धरता. ती घरी कपाटासमोर, त्याच जागी बसायची आणि उठायची. कधीकधी लागोपाठ दहा वेळा, आणि दहाव्यांदा उठल्यावर कुणाला तरी सांगावंसं वाटायचं.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी परेश आला. गाडीतून त्याने रिकामी मोठी सुटकेस वर आणली आणि पलंगाजवळ ठेवली. जेवणं झाली. त्याने फ्लॅट भाड्याने देण्याचं बोलायला सुरुवात केली तेव्हा ती म्हणाली, थांब जरा, आणि त्याच्या समोर लादीवर मांडी घालून बसली. तो घाईने खुर्चीतून उठला, आई, काय करतेस. ती एका गुडघ्यावर आली, पाऊल पुढे ठेवलं आणि उभी राहिली. परेश बघत राहिला. म्हणाला, परत कर. तिने परत केलं. तिसऱ्यांदा तो गमतीने तिच्याबरोबर खाली बसला, आणि दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा तिचा तेहतीस वर्षांचा मुलगा सोफ्याचा हात धरून कण्हत उठला. दोघंही हसले. खूप दिवसांनी ते घर हसलं. मग तिने त्याला सगळं सांगितलं, रिटाचं, बारा किलोंचं, साखरेचं. फक्त कागदाचं सांगितलं नाही. तो म्हणाला, “म्हणजे तू इथेच राहणार?” ती म्हणाली, “हो.”

त्याने तिचे दोन्ही दंड दाबून पाहिले, मान हलवली आणि क्षितिजाला फोन करायला गॅलरीत गेला. ती स्वयंपाकघरात ताटं उचलत होती. दार लोटलेलं होतं, पण आवाज येत होता. नाही येत ती, तो सांगत होता. अगं नाही, खरंच ठणठणीत आहे. मग पलीकडून क्षितिजा काहीतरी बोलली असावी, कारण तो म्हणाला, “हो ना. मलाही.” एवढंच. बारावीच्या निकालाच्या दिवशी त्याचा आवाज असा हलका झाला होता. त्याचं न बोललेलं पुढचं वाक्य तिला कळलं: मलाही सुटल्यासारखं वाटलं. विनया ताट हातात घेऊन उभी राहिली. त्यात त्याची काही चूक नव्हती. दोन खोल्यांचं घर, दोन नोकऱ्या, आणि तिला तरी कुठे जायचं होतं. ती जिंकली होती. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं, स्वतःच्या पायांवर उभं राहून मिळालं होतं. पण त्याने एकदा तरी म्हणायला हवं होतं, ते काही नाही, तू चल. ती नाहीच म्हणाली असती. तरी म्हणायला हवं होतं. ऑक्टोबरात लादीवर बसली होती तेव्हासुद्धा ती इतकी एकटी नव्हती. तेव्हा निदान कोणीतरी येणं भाग होतं. आता कोणालाच यायची गरज उरलेली नव्हती.

चार वाजता तो निघाला. रिकामी सुटकेस एका बोटाने ओढत दारापर्यंत गेला आणि तिथे घुटमळला. काहीतरी करून जावं असं त्याला वाटत होतं, आणि काय ते सुचत नव्हतं. त्याने घरभर नजर फिरवली. “आई, काही जड आहे का? ठेवून जातो.” सकाळी दुकानातून तांदळाची दहा किलोंची पिशवी आली होती. ती विनयानेच दारातून आत नेऊन डब्याशेजारी ठेवली होती, झाकण तेवढं उघडून ओतायची बाकी होती. ती म्हणाली, “हो रे. ते तांदूळ आहेत. वरच्या फळीवर ठेवतोस?” परेशचा चेहरा उजळला. बाह्या सरसावून तो आत आला, कमरेतून वाकला, आणि असं वाकायचं नसतं हे तिच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण ती बोलली नाही. त्याने हुं करून पिशवी उचलली, वरच्या फळीवर सरकवली, हात झटकले. घाम आला होता त्याला. “तू यातलं काही काढायला जाऊ नकोस हं. समोरच्या जितेंद्रला सांग.” नाही काढत, ती म्हणाली. वाकून त्याने नमस्कार केला, तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तो खूश होऊन गेला.

गॅलरीतून तिने गाडी वळेपर्यंत पाहिलं. मग स्वयंपाकघरात आली, कारण रोजचे तांदूळ काही वरच्या फळीवर राहू शकत नव्हते. पाय थोडे फाकवून ती उभी राहिली, दोन्ही हात वर केले, पिशवी पुढे ओढून आधी खांद्यावर घेतली आणि मग छातीशी. दहा किलोंचं तिला काहीच वाटलं नाही, आणि त्याचंच रडू आलं. पिशवी दोन्ही हातांनी तशीच धरून ती थोडा वेळ उभी राहिली, मग खाली ठेवून डब्याचं झाकण उघडलं.